एअर नॅशनल गार्डचा वैमानिक

नागरी नोकरीधंदा सांभाळून अमेरिकेत लष्करी वैमानिक होण्याची वाट. एअर नॅशनल गार्ड हे राज्यांचे राखीव हवाई दल. एरवी ते गव्हर्नरच्या हाताखाली असते, पण राष्ट्राध्यक्ष त्याला संघराज्याच्या सेवेत बोलावू शकतात. हवाई दल भूदलापासून वेगळे झाले तेव्हाच, १८ सप्टेंबर १९४७ रोजी, नॅशनल गार्ड या राज्यांच्या राखीव सैन्याची ही शाखा स्वतंत्र झाली. प्रथा मात्र त्याहून जुनी आहे. १९२७ साली एकट्याने अटलांटिक ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग त्याआधी टपालाची विमाने चालवत असतानाच मिसूरीच्या नॅशनल गार्डमध्ये अधिकारी होता.

नियमित हवाई दलात उमेदवाराला दल निवडते आणि विमान नंतर ठरते. गार्डमध्ये स्क्वाड्रन, म्हणजे विमानांचे पथक, स्वतःच आपला माणूस निवडते. उमेदवार पदवीधर आणि अमेरिकी नागरिक असावा लागतो. अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलामुलींनाही हीच अट आहे. अधिकारी होण्यासाठी नुसते ग्रीन कार्ड पुरत नाही. लेखी परीक्षेचे आणि हातडोळ्यांच्या समन्वयाच्या चाचणीचे गुण, उड्डाणाचे तास, शिफारसपत्रे हे सगळे जोडून अर्ज जातो. पण कागदांवर काम भागत नाही. महिन्याच्या ड्रिल वीकेंडला, म्हणजे सरावाच्या शनिवार-रविवारी, उमेदवार तळावर जाऊन वैमानिकांना भेटतो, त्यांच्यात बसतो, गप्पा मारतो. याला तिथे ‘रश’ म्हणतात. मुलाखतीला समोर बसलेले अधिकारी म्हणजे पुढे वर्षानुवर्षे शेजारच्या सीटवर बसणारी माणसे. त्यामुळे ‘याच्याबरोबर परदेशी तंबूत चार महिने काढता येतील का?’ हा न विचारलेला प्रश्न गुणांइतकाच भारी ठरतो. यात आपल्यासारख्यालाच निवडण्याचा धोका आहे, हे उघड आहे.

निवड झाल्यावर ‘अर्धवेळ’ हा शब्द दोनेक वर्षे बाजूला ठेवावा लागतो. अलाबामातील मॅक्सवेल तळावर अधिकारी प्रशिक्षण, मग सुमारे वर्षभर वैमानिक प्रशिक्षण, तेही नियमित दलाच्या मुलांबरोबर, त्याच वर्गात, त्याच टी-६ या प्रशिक्षण विमानावर. अभ्यासक्रमाच्या शेवटी ‘ड्रॉप नाइट’ला कोणाला कोणते विमान मिळाले ते जाहीर होते, तेव्हा बाकीच्यांच्या पोटात गोळा असतो. गार्डचा उमेदवार निवांत असतो, कारण त्याच्या स्क्वाड्रनकडे सी-१३० हे मालवाहू विमान असेल तर तो सी-१३०च उडवणार. त्यानंतर त्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण होते. सी-१३०साठी ते आर्कान्सामधील लिटल रॉक तळावर. विंग्ज, म्हणजे वैमानिकाचा बिल्ला, मिळाल्यापासून १० वर्षांची सेवा बांधील असते.

‘महिन्यातून एक वीकेंड, वर्षातून दोन आठवडे’ हे गार्डचे जुने ब्रीद वैमानिकाला लागू पडत नाही. उड्डाणाचा हात राहावा म्हणून त्याला महिन्यात आणखी काही दिवस तळावर यावेच लागते. बरेच जण एअरलाइनमध्ये वैमानिक असतात, आणि सेवेच्या काळात मालकाने नोकरी राखून ठेवावी असा १९९४चा कायदा आहे. दुसरी नोकरी न धरता मिळतील तेवढे दिवस उडत राहणाऱ्याला ‘गार्ड बम’ म्हणतात. शब्द चेष्टेचा आहे, पण मायेनेही वापरला जातो.

व्हिएतनाम युद्धात गार्डची थोडीच पथके बोलावली गेली, त्यामुळे आघाडी टाळण्याची जागा असा शिक्का गार्डवर बसला. १९६८ साली जॉर्ज डब्ल्यू. बुश टेक्सासच्या गार्डमध्ये वैमानिक म्हणून दाखल झाले. ती जागा वशिल्याने मिळाली का, हा वाद पुढे निवडणुकांपर्यंत चालला. पण त्याच वर्षी कोलोरॅडो, आयोवा, न्यू मेक्सिको आणि न्यूयॉर्कच्या एफ-१०० लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रन व्हिएतनामला गेल्या होत्या. ११ सप्टेंबर २००१ रोजी राजधानी वॉशिंग्टन डी.सी.च्या गार्डचे मार्क सॅसव्हिल आणि हेदर पेनी क्षेपणास्त्रांविना एफ-१६ लढाऊ विमाने घेऊन उडाले. अपहृत विमान दिसले तर त्याला धडक देण्याची त्यांची तयारी होती; पण प्रवाशांनी प्रतिकार केल्याने ते आधीच पेनसिल्व्हेनियात कोसळले होते.

भारतातही असा प्रयत्न झाला आहे. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाच्या व्हॉलंटिअर रिझर्व्हमध्ये नागरी वैमानिक घेऊन किनारा संरक्षणाच्या तुकड्या उभारल्या गेल्या, त्यांतली एक मुंबईत होती. १९५२च्या राखीव व सहायक हवाई दल कायद्यानंतर सहायक स्क्वाड्रन निघाल्या, पण तो प्रयोग फार काळ टिकला नाही. आजची टेरिटोरियल आर्मी अर्धवेळ असली, तरी तिच्यातून कॉकपिटकडे वाट जात नाही.