थुंकीत नाही, लघवीत गावला

कुडाळच्या एसटी स्टँडवर पुतण्याची फाईल मांडीवर घेऊन बसलेले एक गृहस्थ मला म्हणाले, "थुंकी तपासल्यानी, कायेक गावला नाय. म्हणजे टीबी नाय ना?" पुतण्याला एचआयव्ही आहे, हे त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. देवळात कौलही लावून झाला होता. कौल खुशाल लावावा. पण महिनाभराचा ताप आणि उतरत चाललेलं वजन त्याची वाट बघत थांबत नाही.

थुंकीत टीबीचे जंतू दिसायला प्रतिकारशक्ती लागते. ऐकायला उलटं वाटतं, पण मला या आजारातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते. जंतू फुप्फुसात शिरले की सीडी४ पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतल्या मुकादम, बाकीच्या पेशींना हाकारतात आणि सगळ्या मिळून जंतूंभोवती गाठ बांधतात. ती गाठ आतून पनीरासारखी भुसभुशीत होऊन श्वासनळीत फुटली की तिथे पोकळी पडते आणि खोकल्यासरशी लाखो जंतू बाहेर येतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला जंतू पुष्कळ लागतात: थुंकीच्या एका मिलिलिटरमागे निदान पाच ते दहा हजार. एचआयव्हीने सीडी४ खलास केल्या की धड गाठच बांधली जात नाही. मग पोकळी कुठली? जंतू रक्तावाटे यकृत, प्लीहा, मूत्रपिंडं गाठतात. माणूस जंतूंनी भरलेला आणि थुंकी कोरी!

जंतूच्या भिंतीत लायपोअरॅबिनोमॅनन, थोडक्यात लॅम, नावाचा पदार्थ असतो. तो लघवीत उतरतो. पट्टीवर लघवीचे एक-दोन थेंब, पंचवीस मिनिटं, आणि रेघ उमटते. रोगी जितका खचलेला, तितकी ही पट्टी भरवशाची. धडधाकट माणसात ती बऱ्याचदा चुकते. म्हणून रेघ नाही म्हणजे टीबी नाही, असंही नव्हे. जंतूचा डीएनए शोधणारी यंत्रं थोडक्या जंतूंवरही भागवतात. त्यातलं बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट तर आपल्या शेजारी, गोव्यात वेर्ण्याला बनतं. पण त्यालाही बेडका लागतो, आणि खाटेला खिळलेल्या माणसाला तो काढताच येत नाही.

मग इस्पितळात दाखल झालेल्या प्रत्येक एचआयव्ही रुग्णाची लघवी तपासणं परवडेल का? मलावी आणि दक्षिण आफ्रिकेत हे करून पाहिलं. फक्त थुंकी तपासलेल्यांत दोन महिन्यांत २१.१ टक्के दगावले, जोडीला लघवीही तपासलेल्यांत १८.३ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, तेव्हा 'चमत्कारी चाचणी' म्हणून नाचायचं कारण नाही. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे सीडी४ पेशी शंभराच्या खाली असलेल्यांत मात्र मृत्यू स्पष्ट घटले.

हिशेब असा मांडतात: जादा खर्च भागिले आयुष्याची जादा वर्षं. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितात एका वर्षाची किंमत मलावीत ४५० डॉलर आली, दक्षिण आफ्रिकेत ८४०. दोन्हीकडे 'परवडतं' असाच निकाल. यात एक मेख आहे. वाचलेला माणूस पुढे वर्षानुवर्षं एचआयव्हीची औषधं घेतो, आणि तो खर्चही या चाचणीच्याच नावे पडतो. म्हणजे वहीत सगळ्यात स्वस्त रोगी कोण, तर मेलेला. म्हणून नुसत्या खर्चाचा आकडा कुणी तोंडावर फेकला, तर वर्षं किती मिळाली ते आधी विचारावं.

सावंतवाडीची गाडी लागली. घाईघाईत मी त्यांच्या फाईलवर लिहून दिलं: 'सीडी४ किती? डीएनएची तपासणी झाली? लघवीची?' त्यांनी ते दोनदा वाचलं, फाईल पिशवीत घातली आणि विचारलं, "थुंकी परत देऊची लागतली?"