केडीई प्लाझ्माचे वेलँडवरील स्थलांतर

केडीई प्लाझ्मा हा लिनक्सवरचा एक प्रमुख मुक्त डेस्कटॉप. एक्स११ ही पडद्यावर चित्र उमटवणारी आणि कीबोर्ड-माउस हाताळणारी जुनी डिस्प्ले प्रणाली सोडून वेलँड या नव्या प्रणालीवर जायला त्याला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. कामाला सुरुवात २०११ च्या सुमारास झाली. वेलँड सेशन, म्हणजे लॉगिनपासून वेलँडवर चालणारा डेस्कटॉप, चाखून पाहण्यापुरते लोकांच्या हाती आले ते ऑगस्ट २०१५ मध्ये, प्लाझ्मा ५.४ बरोबर. ते डीफॉल्ट झाले २८ फेब्रुवारी २०२४ रोजी आलेल्या प्लाझ्मा ६.० मध्ये. पडद्यावर चित्र उमटवणे हा त्यातला सोपा भाग होता. एक्स११ कोणाच्या लक्षातही न येता जी शेकडो बारीकसारीक कामे उरकत होते, ती आता कोणी करायची, यात बहुतेक वर्षे गेली.

पार्श्वभूमी : एक्स विंडो सिस्टिमचा जन्म १९८४ मध्ये अमेरिकेत एमआयटी या संस्थेत झाला. तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स११, सप्टेंबर १९८७ मध्ये आली आणि प्रोटोकॉल (बोलण्याचे ठरलेले नियम) म्हणून तीच पुढे टिकली. त्या काळी प्रोग्रॅम एका मोठ्या यंत्रावर चालायचा आणि माणूस दुसऱ्याच खोलीतल्या टर्मिनलसमोर बसलेला असायचा, म्हणून मध्ये एक सर्व्हर. रेघ काढ, अक्षर काढ, असे प्रोग्रॅमने सांगायचे आणि सर्व्हरने ते काढायचे. मॅथियास एट्रिश या ट्युबिंगेन विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने १४ ऑक्टोबर १९९६ रोजी केडीईची घोषणा केली, तेव्हा एक्सवर उभे राहणे हे गृहीतच होते.

पुढे दिवस पालटले. प्रोग्रॅम आपले चित्र स्वतःच रंगवू लागले, तेही ग्राफिक कार्डाच्या मदतीने. जानेवारी २००८ मधील केडीई ४.० पासून के-विन हा केडीईचा विंडो मॅनेजर सगळ्या विंडोंची चित्रे जुळवून अंतिम पडदा रचू लागला. या कामाला कंपोझिटिंग म्हणतात. एक्स सर्व्हर आता नुसता निरोप्या उरला, आणि त्या निरोप्याला पडद्यावर खरोखर काय दिसते आहे हेच ठाऊक नसे. के-विनने एखादी विंडो तिरकी किंवा लहान करून दाखवली, तरी क्लिक कोणाला पोचवायची हे सर्व्हर आपल्याजवळच्या जुन्या चौकटींवरूनच ठरवी.

त्याच २००८ साली क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी वेलँड लिहायला घेतले. मॅसॅच्युसेट्समधल्या वेलँड गावावरून हे नाव पडले. मधला निरोप्या काढून टाकावा आणि कंपोझिटरलाच सर्व्हर करावे, हा त्यामागचा विचार. वेलँड १.० ऑक्टोबर २०१२ मध्ये आले. मात्र वेलँड हा चालवायचा प्रोग्रॅम नाही, ते बोलण्याचे नियम आहेत. एक्सच्या काळात सगळ्या डेस्कटॉपांना एकच सर्व्हर आयता मिळे. वेलँडमध्ये प्रत्येकाने आपला सर्व्हर आपणच घडवायचा. ग्नोम या दुसऱ्या प्रमुख डेस्कटॉपने आपल्या मटर या कंपोझिटरला तयार केले, केडीईने के-विनला.

मोकळा वाडा आणि बंद दारे : एक्स११ हा सताड उघडा वाडा होता. कोणीही कोणाच्याही खोलीत डोकवावे. टर्मिनलमध्ये ‘एक्सइनपुट टेस्ट’ ही आज्ञा कीबोर्डाचा क्रमांक देऊन चालवायची आणि मग ब्राउझरमध्ये जाऊन पासवर्ड टाइप करायचा. दाबलेली प्रत्येक कळ टर्मिनलमध्ये एकेका ओळीने उतरत जाते. त्यासाठी अ‍ॅडमिनचे अधिकार लागत नाहीत, कोणी परवानगीही विचारत नाही.

स्क्रीन लॉकची गोष्ट याहून बोलकी आहे. एक्समध्ये लॉक म्हणजे पूर्ण पडदाभर पसरलेली आणखी एक विंडो. ती कीबोर्ड आणि माउस ताब्यात घेते आणि बाकी सगळे झाकते. पण राइट-क्लिकचा एखादा मेनू उघडा राहिला असेल, तर कीबोर्ड-माउसचा ताबा आधीच त्या मेनूकडे असतो. अशा वेळी लॉक लागतच नाही, आणि माणूस मात्र कॉम्प्युटर बंदिस्त आहे असे समजून चहाला गेलेला असतो. वेलँडमध्ये कुलूप के-विनच लावतो. कुलपाचे चित्र दाखवणारा प्रोग्रॅम कोसळला, तरी मागचे काम उघडे पडत नाही. टेक्स्ट कन्सोलवरून कुलूप कसे काढायचे याची सूचना फक्त दिसते. केवळ या एका गोष्टीसाठीही स्थलांतर करण्याजोगे होते, असे माझे ठाम मत आहे.

पण दारे लावून घेतली आणि कळले की घरातली निम्मी कामे उघड्या दारांवरच चालत होती. स्क्रीनशॉट, पडद्याचे रेकॉर्डिंग, पडद्यावरचा रंग उचलणे, दुसरी विंडो समोर असतानाही चालणारे शॉर्टकट, आपली विंडो काल जिथे होती तिथेच आज उघडणे, हे सारे अडले. ऑनलाइन बैठकीत पडदा दाखवायला जावे, तर एक्सच्या पद्धतीने पडदा वाचू पाहणाऱ्या प्रोग्रॅमला काळी चौकट मिळे. त्यासाठी विम टायमन्स यांनी सुरू केलेल्या पाइपवायर या चित्र-ध्वनी पोचवणाऱ्या प्रणालीची आणि ‘पोर्टल’ या मध्यस्थाची सोय झाली. आता प्रोग्रॅमने विनंती करायची, माणसाने कोणती विंडो दाखवायची ते निवडायचे, आणि तेवढेच चित्र पुढे जाते. ही सोय केडीई, ग्नोम, ब्राउझर आणि बैठकीचे प्रोग्रॅम या सगळ्यांत उतरेपर्यंत वर्षे गेली.

प्लाझ्माची एक अडचण तर खास त्याची स्वतःची. ग्नोममध्ये वरची पट्टी आणि कंपोझिटर एकाच प्रक्रियेत चालतात, त्यामुळे कोणत्या विंडो उघड्या आहेत हे पट्टीला विचारावे लागत नाही. प्लाझ्मात पॅनेल आणि के-विन वेगळे. टास्कबारमध्ये विंडोंची नावे दाखवायची म्हटली तरी ती मागण्याची सोय मूळ वेलँडमध्ये नव्हती. केडीईला त्यासाठी स्वतःचे जादा प्रोटोकॉल लिहावे लागले.

के-विनची फेररचना : आरंभीची बरीच वर्षे हा भार मार्टिन ग्रेस्लिन यांनी वाहिला. के-विनच्या कोडमध्ये एक्सची गृहीतके मुरलेली होती. ती एकेक करून उपसायची, आणि तेही रोज लाखो लोक वापरत असलेला विंडो मॅनेजर बंद न पाडता. मार्च २०१३ मध्ये उबुंटू या लिनक्स वितरणाची (तयार संचाची) निर्माती कॅनॉनिकल हिने मीर नावाचा आपला वेगळा डिस्प्ले सर्व्हर जाहीर केला, तेव्हा एकाच वितरणापुरत्या गोष्टीला के-विनमध्ये जागा नाही, अशी भूमिका ग्रेस्लिन यांनी घेतली. पुढे मीरच वेलँडकडे वळले. जानेवारी २०१८ मध्ये ग्रेस्लिन यांनी के-विनच्या एक्स११ बाजूला नव्या सोयी घालणे थांबवल्याचे सांगितले. त्यानंतर ते बाजूला झाले आणि काही काळाने व्लाद झहोरोदनी आणि इतरांनी सूत्रे घेतली. सप्टेंबर २०१९ मध्ये मिलानला भरलेल्या अकॅडमी या केडीईच्या वार्षिक मेळाव्यात वेलँड पूर्णत्वाला नेणे हे साऱ्या समुदायाच्या तीन उद्दिष्टांपैकी एक ठरले. माझ्या मते खरे वळण तेच, कारण तोवर हे काम दोन-चार माणसांचे होते. वेलँड सेशनमधल्या मोठ्या उणिवांची यादी केडीईने आपल्या विकीवर उघडपणे ठेवली, आणि ती हळूहळू आखडत गेली.

एनव्हिडियाचा तिढा : वेलँड कंपोझिटरांनी चित्रांसाठी मेमरी घेण्याकरता जीबीएम ही पद्धत धरली होती. ग्राफिक कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाने ईजीएलस्ट्रीम्स ही स्वतःची पद्धत पुढे केली आणि घोंगडे भिजत पडले. २०१९ मध्ये प्लाझ्मा ५.१६ साठी कंपनीने आपल्या पद्धतीचा कोड स्वतःच के-विनला दिला, पण तो सांभाळणे जिकिरीचे होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये ४९५ मालिकेच्या ड्रायव्हरने (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) जीबीएम स्वीकारले आणि के-विनमधून तो कोड निघाला. तरीही एक त्रास उरलाच. एक्ससाठी लिहिलेल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये टाइप केलेले अक्षर उमटे, क्षणात नाहीसे होई, पुन्हा दिसे. चित्र पुरते रंगून झाले की नाही हे कंपोझिटरला कळायची खात्रीची खूण नव्हती, त्यामुळे कधी आधीचेच चित्र पुन्हा पडद्यावर येई. ती खूण ठरवून देणारा, एक्स्प्लिसिट सिंक म्हणून ओळखला जाणारा प्रोटोकॉल मार्च २०२४ मध्ये मान्य झाला. एनव्हिडियाचा ५५५ ड्रायव्हर आणि जूनमधले प्लाझ्मा ६.१ यांनी तो घेतला, आणि एनव्हिडियावाल्यांची मोठी पीडा टळली.

कोसळणे आणि सावरणे : एक्समध्ये के-विन कोसळला तर विंडोंच्या कडा क्षणभर जात, तो पुन्हा उठे आणि काम पुढे चालू. वेलँडमध्ये के-विनच सर्व्हर. तो गेला की त्याच्याशी जोडलेला प्रत्येक प्रोग्रॅम जाई, न साठवलेल्या मजकुरासकट. सुरुवातीच्या वर्षांत लोक वेलँड वापरून परत फिरले, त्याचे हे एक मोठे कारण होते. डेव्हिड एडमंडसन यांनी यावर चिकाटीने काम केले. के-विन पुन्हा उभा राहीपर्यंत जोडणीची जागा राखून ठेवायची, आणि प्रोग्रॅमांनी मरण्याऐवजी थांबून नव्याने जोडून घ्यायचे. क्यूटी ६ या प्रोग्रॅम-बांधणीच्या संचावर बांधलेल्या प्रोग्रॅमांना हे साधले. बाकीच्या बऱ्याच प्रोग्रॅमांना अजून नाही.

स्केलिंगमध्ये, म्हणजे पडद्यावरचे सारे लहान-मोठे करण्यात, मात्र वेलँडने एक्सला निर्विवाद मागे टाकले. लॅपटॉपचा बारीक पडदा १५० टक्क्यांवर आणि शेजारचा जुना मॉनिटर १०० टक्क्यांवर, ही साधी मांडणी एक्सवर कधी नीट जमली नाही. ऑक्टोबर २०२२ मधील प्लाझ्मा ५.२६ ने जुन्या एक्स-प्रोग्रॅमांचा धूसरपणा घालवण्याची सोय दिली, आणि फेब्रुवारी २०२३ मधील ५.२७ ने अपूर्णांकातल्या स्केलिंगचा प्रोटोकॉल उचलला.

देवनागरी टंकलेखन : मराठी वापरणाऱ्यांना या बदलाची झळ लागली ती इथे. इनस्क्रिप्ट कीबोर्ड लेआउट म्हणून निवडलेला असेल, तर काही बिघडत नाही, कारण एक्सच्या काळातले लेआउट वेलँडमध्येही चालतात. जोडाक्षरे पडद्यावर नीट दिसणे हे तर फॉन्ट आणि हार्फबझ या लायब्ररीचे काम. पण इंग्रजी कळांवर उच्चारानुसार मराठी लिहिणाऱ्यांना आयबस किंवा एफसिटएक्स हा कळांचे मराठीत रूपांतर करणारा प्रोग्रॅम लागतो. ही इनपुट मेथड एक्समध्ये थेट प्रोग्रॅमशी बोले. वेलँडमध्ये तिने के-विनमार्फत जायचे. सिस्टम सेटिंग्जमध्ये ती निवडायची जागा ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ या पानावर आहे. समोर खराखुरा कीबोर्ड असलेला माणूस तिकडे कशाला फिरकेल? मराठी उमटत नाही अशी तक्रार असेल, तर आधी हे पान पाहावे. सुचवलेल्या शब्दांची छोटी चौकट कर्सरजवळ न येता भलतीकडे उघडण्याचा त्रासही याच बदलातून आला, कारण वेलँडमध्ये विंडो आपली जागा आपण ठरवू शकत नाही.

सद्यःस्थिती : ग्नोमवरच्या फेडोरा या लिनक्स वितरणाने नोव्हेंबर २०१६ मध्येच वेलँड डीफॉल्ट केले होते. फेडोराच्या केडीई आवृत्तीने ते एप्रिल २०२१ मध्ये केले, प्लाझ्माने स्वतः निर्णय घेण्याच्या जवळपास तीन वर्षे आधी. जून २०२५ मधील प्लाझ्मा ६.४ मध्ये के-विनचे एक्स आणि वेलँड असे दोन स्वतंत्र भाग झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केडीईने जाहीर केले की प्लाझ्मा ६.८ पासून एक्स११ सेशन नसेल, आणि आधीच्या आवृत्तीतल्या एक्स११ सेशनला २०२७ च्या सुरुवातीपर्यंत आधार राहील. जुने प्रोग्रॅम एक्सवेलँड या पुलावरून चालत राहतील. त्यांना इतर विंडोंमधल्या कळा ऐकू द्यायच्या की नाहीत, हे सिस्टम सेटिंग्जमध्ये ज्याचे त्याला ठरवता येते.