दुसऱ्या पसंतीची मते आणि काँग्रेसची फूट

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले आणि काँग्रेसमध्ये धुमसत असलेल्या भांडणाला निमित्त मिळाले. १९६७ च्या निवडणुकीत अनेक राज्ये हातची गेली होती. पक्षावर हुकमत पंतप्रधान इंदिरा गांधींची, की कामराज, पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा, स. का. पाटील आदी ज्येष्ठ नेत्यांच्या ‘सिंडिकेट’ नावाच्या गटाची, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत होता.

जुलैमध्ये बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाने इंदिराजींच्या मनाविरुद्ध नीलम संजीव रेड्डी यांची उमेदवारी ठरवली. यशवंतराव चव्हाणांचे मतही रेड्डींनाच पडले. लगोलग मोरारजी देसाईंकडील अर्थखाते काढून घेण्यात आले. १९ जुलैला १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला, त्यावर सही करणारे हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या दिवशी पायउतार झाले, ते अपक्ष म्हणून ही निवडणूक लढवण्यासाठीच.

रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर खुद्द पंतप्रधानांची सही होती. मात्र निजलिंगप्पांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाकडे दुसऱ्या पसंतीची मते (म्हणजे पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाल्यास पुढच्याला मिळणारी मते) मागताच इंदिराजींनी पक्षाच्या उमेदवाराला बांधून न राहता सदसद्विवेकबुद्धीनुसार मतदानाचा आग्रह धरला. त्या दोन पक्षांचे उमेदवार होते महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे हे पहिले भारतीय गव्हर्नर १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावरून अर्थमंत्रिपद सोडून आले होते. बँकांवरून तापलेल्या लढतीत त्यांची दखल त्यांच्या मतपत्रिकांवरील दुसऱ्या पसंतीपुरतीच घेतली गेली, हे जरा विचित्रच म्हणायचे.

पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ इतके मतमूल्य (खासदार-आमदारांच्या मतांना ठरवून दिलेल्या मूल्यांची बेरीज) मिळाले. विजयासाठी ४,१८,१६९ हवे होते. बाद होणाऱ्या उमेदवारांची मते वाटताना बहुतेक रेड्डींकडे वळली, तरीही गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर अडले. राष्ट्रपतिपदासाठी पक्षादेश लागू होत नाही आणि मतदान गुप्त असते. त्यामुळे स्वपक्षाच्या उमेदवाराला कोणी पाडले याचा हिशेब मतपेटीतून निघणे शक्य नव्हते, आणि संशयाला मोकळे रान मिळाले.

१२ नोव्हेंबरला इंदिराजींची पक्षातून हकालपट्टी झाली आणि काँग्रेस दुभंगली. बंगळूरला रेड्डींना मत देणारे चव्हाण इंदिराजींसोबत राहिले, तर पाटील आणि मोरारजी सिंडिकेटच्या संघटना काँग्रेसमध्ये गेले. लोकसभेतील बहुमत गमावलेले सरकार डावे पक्ष आणि द्रमुकच्या आधारावर चालले. १९७१ च्या मध्यावधी निवडणुकीत काँग्रेसचे जुने निवडणूक चिन्ह बैलजोडी दोन्ही काँग्रेसपैकी कोणालाच मिळाले नाही. इंदिराजींचे उमेदवार गाय-वासरू घेऊन उभे राहिले.