लायपोसोम आणि लिपिड नॅनोकण: फरक आतल्या रचनेचा

एमआरएनए लस, म्हणजे पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणारा आरएनए रेणू असलेली लस, ‘लायपोसोममध्ये भरलेली असते’ असे अनेकदा लिहिले जाते; प्रत्यक्षात ती लिपिड नॅनोकणांत असते. लायपोसोम आणि लिपिड नॅनोकण हे दोन्ही मेदरेणूंचे (लिपिडांचे) बनतात आणि दोन्हींचा व्यास बहुधा १०० नॅनोमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे ही गल्लत सहज होते. पण तिच्यामुळे औषध पेशीत पोहोचवण्याच्या या क्षेत्रातली सर्वांत देखणी कल्पनाच नजरेआड होते.

लायपोसोम ही पाण्याने भरलेली पिशवी आहे. फॉस्फोलिपिड (पेशीच्या आवरणातही असणारे मेदरेणू) पाण्यात मिसळले की त्यांचे रेणू आपोआप दुहेरी पडदा रचतात आणि त्यात थोडे पाणी कोंडले जाते, हे अ‍ॅलेक बँगहॅम या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात दाखवले. अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळालेल्या डॉक्सिल या कर्करोगावरील औषधात डॉक्सोरुबिसिन याच पिशवीत स्फटिकरूपात साठवलेले असते. पिशवीतून सुटल्यावर ते स्वतःच पेशीत शिरू शकते, म्हणून वाहकाने त्याला जपून नेले तरी पुरते.

आरएनएचे तसे नाही. तो मोठा, ऋणभारित आणि रक्तात चटकन तुटणारा रेणू असल्याने पेशीचे आवरण स्वतःहून ओलांडू शकत नाही. वाहकालाच त्याला थेट आत पोहोचवावे लागते. त्यासाठी लिपिड नॅनोकणात कोलेस्टेरॉल, फॉस्फोलिपिड आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडलेले लिपिड यांच्या जोडीला भार बदलणारे एक खास लिपिड असते, आणि माझ्या मते खरे कौशल्य त्यातच आहे. कण तयार करताना द्रावण आम्लधर्मी ठेवतात; तेव्हा हे लिपिड धनभारित होऊन आरएनएला घट्ट धरते, आणि म्हणून कणाचा गाभा पोकळ न राहता लिपिड व आरएनए यांनी दाट भरतो. रक्तात ते जवळजवळ भाररहित असते, त्यामुळे कायम धनभारित लिपिडांइतके विषारी ठरत नाही. पेशीने कण गिळल्यावर तो ज्या पुटिकेत अडकतो तिच्यात आम्लता वाढते, लिपिडावर पुन्हा धनभार येतो, पुटिकेचा पडदा विस्कटतो आणि आरएनए पेशीद्रवात उतरतो.

हे तंत्र लशींच्या आधी, २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या ओनपॅट्रो या, आरएनएच्या साहाय्याने एका सदोष प्रथिनाची निर्मिती रोखणाऱ्या औषधात वापरले गेले. रक्तातील अ‍ॅपोलिपोप्रोटीन ई हे प्रथिन कणांना चिकटून त्यांना यकृताकडे नेते, आणि या औषधाला थोपवायचे असलेले सदोष प्रथिनही मुख्यतः यकृतातच तयार होते. तरीही पुटिकेतून निसटणाऱ्या आरएनएचे प्रमाण अद्याप फार थोडे आहे. बहुतेक आरएनए तिथेच नष्ट होतो.