स्क्रग्ज शैली (बँजोवादन)

पाच तारांचा अमेरिकी बँजो अंगठा, तर्जनी आणि मधले बोट या तीन बोटांनी वाजवण्याची पद्धत. ब्लूग्रास या तंतुवाद्यप्रधान अमेरिकी संगीतप्रकाराचा बाज मुख्यतः तिनेच ठरवला. अर्ल स्क्रग्ज (१९२४–२०१२) यांच्या नावाने ती ओळखली जात असली, तरी ते नॉर्थ कॅरोलिनाच्या ज्या भागात वाढले तिथे स्मिथ हॅमेट, स्नफी जेन्किन्स असे वादक आधीपासून तीन बोटांनी वाजवत. स्क्रग्ज यांनी त्या वादनाला अखंड ओघ दिला आणि सुरांच्या दाटीतही चाल ठळक ठेवली.

महाराष्ट्रात मिरवणुकीतली ‘बँजो पार्टी’ वाजवते ते वाद्य म्हणजे विजेवर चालणारा, कळांचा बुलबुलतरंग. त्याचे अमेरिकी बँजोशी साम्य नावापुरतेच. अमेरिकी बँजोला कातडे (आता बहुधा प्लास्टिक) ताणून बसवलेले गोल कडे आणि पडद्यांची लांब दांडी असते. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांच्या वाद्यांतून तो घडला.

पाचव्या तारेची खुंटी दांडीच्या मध्यात, पाचव्या पडद्याजवळ असते. ही तार आखूड, पण सगळ्यांत उंच सुराची. पाश्चात्त्य ‘जी’ हा षड्ज धरला, तर चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंत मंद्र पंचम, षड्ज, गंधार, पंचम असे सूर लागतात आणि पाचवीवर तार षड्ज. सतारीच्या चिकारीप्रमाणे ती मधूनमधून झणकत राहते.

अंगठ्यात प्लास्टिकची आणि दोन बोटांत धातूची नखी घालतात. अनामिका व करंगळी घोडीजवळ (तारा पेलणाऱ्या उभ्या पट्टीजवळ) कातड्यावर टेकवायची; हात अधांतरी राहिला की प्रत्येक आघाताचे अंतर बदलते आणि लय डळमळते. बोटांच्या ठरीव क्रमाला ‘रोल’ म्हणतात. उदाहरणार्थ तारा ३-२-१-५-१-२-३-१, बोटे अंगठा, तर्जनी, मधले, अंगठा, मधले, तर्जनी, अंगठा, मधले. एकच बोट लागोपाठ दोनदा येत नाही, म्हणूनच द्रुत लय पेलते. तीन बोटांचे आवर्तन आठ आघातांत बसवताना ३+३+२ अशी विभागणी होते आणि वजन ठोक्याच्या आगेमागे पडते. ब्लूग्रासला पुढे रेटणारा झोक इथूनच येतो. नवशिक्यांचा अंगठा बहुधा दबका पडतो. मग चाल हरवते आणि नुसती खळखळ उरते. नखी तारेला तिरकी लागली तर खरखर येते.

वाद्याची जुळणीही महत्त्वाची. कातडे सैल असेल तर आवाज बद्द होतो. घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच उभी राहते. ती जरा सरकली तरी वरच्या पडद्यांवर सूर चुकतात. बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून निघणारा सूर आणि दाबून निघणारा सूर एकच येईपर्यंत घोडी हलवावी.

स्क्रग्ज डिसेंबर १९४५ मध्ये बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या वाद्यवृंदात आले. सप्टेंबर १९४६ मध्ये शिकागोत मन्रो (मँडोलिन), लेस्टर फ्लॅट (गिटार), स्क्रग्ज, चबी वाइज (फिडल) आणि हॉवर्ड वॉट्स (बास) यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांत ब्लूग्रासचा पुरता साचा ऐकू येतो. संगीतप्रकाराचे नावही याच वाद्यवृंदावरून पडले, आणि वृंदाचे नाव मन्रो यांच्या केंटकी राज्याच्या ‘ब्लूग्रास स्टेट’ या टोपणनावावरून. १९४८ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज बाहेर पडले. बँजोवर डॉन रेनो आले. स्क्रग्ज यांचा प्रसिद्ध गिब्सन ग्रॅनाडा बँजो त्यांना अदलाबदलीत या रेनो यांच्याकडूनच मिळाला.

वाजवता वाजवता तार उतरवण्याची युक्तीही स्क्रग्ज यांचीच. १९५१ च्या ‘अर्ल्स ब्रेकडाउन’मध्ये दुसरी तार गंधारावरून ऋषभावर उतरते आणि परत चढते. तिथे त्यांनी नेहमीचीच खुंटी कानाच्या अंदाजाने फिरवली होती; सूर नेमका यावा म्हणून नंतर खुंट्यांच्या पाटीवर जादा खुंटी बसवली. ती फिरवली की तारेवरचा ताण नेमका तेवढाच बदलतो. पुढे बँजोवादक बिल कीथ यांनी नेहमीच्या खुंटीतच दोन्ही बाजूंचे अटकाव बसवले आणि जादा खुंटीची गरज संपली.