यूएमएलचे चौदाही डायग्राम पाठ करावे लागतात?

रत्नागिरी-चिपळूणकडच्या कॉलेजात ही समजूत अजून फिरतेय की यूएमएल (सॉफ्टवेअरचा आराखडा चित्रांत मांडायची भाषा) शिकायचं म्हणजे चौदाच्या चौदा डायग्राम यायलाच हवेत आणि ते सगळे काढल्याशिवाय कोडला हात लावायचा नाही. असं काही नाहीये हो! बूच, रंबॉ आणि जेकबसन या तीन सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी आराखड्यासाठीच्या आपापल्या खुणा एकत्र केल्या, १९९७ मध्ये ओएमजी या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने त्याला स्टँडर्ड म्हणून मान्यता दिली, पण ते स्टँडर्ड फक्त खुणांचं आहे, काम कुठल्या क्रमाने करायचं ते त्यात कुठेच सांगितलेलं नाही. (व्हायवाची भीती वेगळी, तिला इलाज नाही.)

समजा मालवणातल्या होमस्टेचं बुकिंग ॲप करताय, तर यूज केस (वापरणारा काय काय करतो), क्लास (कुठल्या वस्तू आणि त्यांचं नातं) आणि सिक्वेन्स (कोण कोणाला कुठल्या क्रमाने निरोप देतं) एवढ्या डायग्रामवर बरंच भागतं. घोळ होतो तो यूज केस डायग्रामच्या बाणांत. 'रूम बुक करणे' मध्ये 'ॲडव्हान्स भरणे' दरवेळी येतंच, म्हणून तिथे इन्क्लूड, बाण बुकिंगकडून ॲडव्हान्सकडे. 'स्कूबा ॲड करणे' कोणी घेतं कोणी नाही, ते एक्स्टेंड, आणि इथे बाण उलटा, स्कूबाकडून बुकिंगकडे, दोन्ही तुटक रेषेचेच, त्यामुळे निम्मी पोरं इथेच गंडतात.