पार्श्वभूमी: अंगणातले वाळवंटी कासव आणि त्याच्या पिल्लांचा कायदा

संकटात असलेल्या प्राण्याची पिल्ले कुणाच्या अंगणात जन्मली तर ती चांगलीच बातमी, असे बहुतेकांना वाटते. अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या वाळवंटी कासवाबाबत कायदा याच्या नेमका उलट विचार करतो. नेवाडात एका माणसाला एकच कासव ठेवता येते. ॲरिझोनातही माणशी एकच, आणि पिल्ले झालीच तर अंड्यातून बाहेर आल्यापासून २४ महिन्यांच्या आत त्यांची सोय दुसरीकडे लावावी लागते. कॅलिफोर्नियात प्रत्येक कासवाचा वेगळा परवाना असतो आणि त्याचा क्रमांक कवचावर चिकटवलेला असतो. विकत घेणे, विकणे, वाळवंटातून उचलून आणणे आणि पाळलेले कासव परत वाळवंटात सोडणे, या सगळ्याला बंदी आहे. ॲरिझोनातल्या फिनिक्सहून टेक्सासमधल्या डलासला बदली झालेल्या मराठी कुटुंबाला सामानाबरोबर कासव नेता येत नाही. ते राज्यातच कुणाकडे तरी सोपवावे लागते.

हे नियम एकदम ठरलेले नाहीत. ते तुकड्यातुकड्यांनी, बहुतेक वेळा कुठल्यातरी अडचणीतून वाट काढताना जमा झाले, आणि म्हणूनच ते सलग वाचले तर विसंगत वाटतात.

सुरुवात कॅलिफोर्नियाने केली. तिथे १९३९ मध्ये या कासवाच्या खरेदी-विक्रीवर बंदी आली. १९६१ मध्ये रानातून पकडण्यावर आली. १९७२ मध्ये त्याला राज्याच्या सरपटणाऱ्या प्राण्याचा मान मिळाला आणि पुढच्याच वर्षापासून बाळगण्याचा आजचा नियम लागू झाला: त्याआधी कायदेशीरपणे मिळवलेले कासव ठेवता येईल, पण त्यावर खूण करून घ्यावी लागेल आणि राज्याच्या परवानगीशिवाय ते दुसऱ्याला देता येणार नाही. तोवर दोन-तीन पिढ्यांची कासवे लोकांच्या घरी होतीच. सुट्टीत वाळवंटातून गाडीने जाताना रस्त्यावर दिसलेले कासव उचलून मुलांसाठी घरी आणणे, यात तेव्हा कुणाला वावगे वाटत नसे. ॲरिझोनाने रानातले कासव पकडणे १९८८ मध्ये पूर्ण बंद केले. केंद्र सरकारने १९८० मध्ये युटाच्या नैऋत्य टोकावरच्या एका छोट्या समूहाला संरक्षण दिले होते. बाकीच्यांसाठी १९८४ मध्ये अर्ज झाला. त्यावर उत्तर आले की संरक्षण रास्त आहे, पण इतर प्राण्यांची निकड जास्त असल्याने तूर्त थांबावे लागेल.

थांबणे १९८९ मध्ये संपले, ते एका आजारामुळे. कॅलिफोर्निया-नेवाडात पसरलेल्या मोहावे वाळवंटाच्या पश्चिम भागात, खास कासवांसाठी राखलेल्या क्षेत्रातच, नाक गळणारी, डोळे सुजलेली, खंगलेली कासवे सापडू लागली. श्वसनमार्गाचा हा आजार मायकोप्लाझ्मा जातीच्या जंतूने होतो. घरी कंटाळा आला म्हणून किंवा दया येऊन वाळवंटात सोडून दिलेल्या पाळीव कासवांकडून तो पसरला असावा, असा संशय तेव्हापासून आहे. ४ ऑगस्ट १९८९ रोजी तातडीच्या आदेशाने मोहावेतल्या कासवांना संकटग्रस्त ठरवण्यात आले. २ एप्रिल १९९० रोजी कायमचा आदेश निघाला, त्यात दर्जा एक पायरी खालचा, म्हणजे ‘धोक्यात असलेली’ असा होता.

४ ऑगस्ट १९८९ ही तारीख पुढे नेवाडातल्या प्रत्येक कासवपालकाला पाठ झाली. त्या दिवसापूर्वी ताब्यात असलेली कासवे आणि त्यांची संतती ठेवायला मुभा मिळाली. केंद्रीय कायद्याची चौकटही अशीच होती. यादीत नाव येण्यापूर्वीपासून माणसाच्या ताब्यात असलेल्या प्राण्याला काही कलमांतून सूट, मात्र तो धंद्यासाठी वापरलेला नसावा. कागदावर हे न्याय्य दिसते. ज्याने कायदा मोडलेला नाही, त्याला शिक्षा कशाला? पण हे कासव ५० ते ८० वर्षे जगते, आणि त्याचा ना जन्मदाखला असतो ना पावती. १९८९ मध्ये अंगणात असलेली कितीतरी कासवे आजही तिथेच आहेत. ‘आणि त्यांची संतती’ या तीन शब्दांनी तर तारखेचा अर्थच काढून घेतला. कुणाकडेही लहान कासव दिसले, की ते जुन्या जोडीचे पिल्लू आहे असे म्हणता येई आणि ते खोटे आहे हे सिद्ध करता येत नसे. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत महागात पडलेली सवलत हीच. ती माणुसकीने दिली होती, पण पाळीव कासवांची संख्या कधी तरी आपोआप ओसरेल, ही आशा तिने पहिल्याच दिवशी संपवली.

संख्या वाढलीच. रानात या प्राण्याची पैदास अतिशय संथ असते. मादी वयात यायला १२ ते २० वर्षे लागतात, आणि पिल्लांतली बहुसंख्य कावळ्यांच्या, कोल्ह्यांच्या, कोयोटींच्या (लांडग्यासारखे तिथले रानटी प्राणी) तोंडी जातात. अंगणात यांपैकी कुणीच नसते. पाणी असते, हिरवळ असते, कुंपण असते. मादी नराचे बीज शरीरात काही वर्षे साठवून ठेवू शकते, त्यामुळे नर दुसरीकडे दिला तरी त्यानंतरच्या हंगामांत पिल्ले होतात. कासव तळहाताहून बरेच मोठे होईपर्यंत नर की मादी हे बाहेरून ओळखता येत नाही, त्यामुळे ‘दोन्ही माद्या आहेत’ असे समजून ठेवलेली जोडी एखाद्या वसंतात अंडी देते. मग ती पिल्ले शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या सहकाऱ्यांना, शाळेला दिली जातात. काही वर्षांत घेणारे संपतात.

मग ही पिल्ले वाळवंटात का सोडू नयेत? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याची उत्तरे तीन आहेत. एक, आजार. वरून धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या अंगातही तो असू शकतो. दोन, वंश. शहरातल्या अंगणांत कुठल्या खोऱ्यातले कासव कुठल्या खोऱ्यातल्याशी जुळले याचा पत्ता नसतो, कधी दुसऱ्या जातीशीही संकर झालेला असतो. तिसरे उत्तर मला सर्वांत वजनदार वाटते. वाळवंटात कासवांची वाण पडली ती पिल्ले जन्मत नाहीत म्हणून नव्हे. रस्ते, घरांच्या वसाहती, चराई, परदेशी गवतामुळे भडकणारे वणवे आणि कचऱ्यावर पोसलेले कावळे यांमुळे जगण्याची जागाच उरत नाही. ज्या ओढ्याकाठी जुनी कासवे टिकत नाहीत, तिथे नवी सोडून ती टिकणार नाहीत.

आपल्याकडच्या स्टार कासवाशी याची तुलना अनेकदा होते, पण ती पूर्ण जुळत नाही. स्टार कासवाला तस्करीने आणि परदेशातल्या शौकिनांच्या बाजाराने पोखरले. म्हणून २०१९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या पहिल्या परिशिष्टात नेण्यात आले. वाळवंटी कासवाच्या बाबतीत बाजार हा मुख्य शत्रू नाही. तिथे फुकट देणाऱ्यांचीच गर्दी झाली.

ती गर्दी लास वेगासच्या दक्षिणेकडच्या एका केंद्रात येऊन थांबली. त्याची जन्मकथा समजली, तर नेवाडाचा माणशी एक कासव हा २०१३ चा नियम समजतो. १९८९ च्या आदेशाने वेगासच्या आसपासची घरबांधणी एकाएकी अडली. बांधकाम व्यावसायिक कोर्टात गेले, तिथे दाद लागली नाही, शेवटी तडजोड झाली. शहराच्या हद्दीतली कासवे हलवायची, त्यांच्यासाठी केंद्र उभारायचे, आणि जमीन मोकळी करणाऱ्याने एकरामागे ठरावीक शुल्क भरायचे. हे शुल्क पुढे एकरी ५५० डॉलरवर स्थिरावले. केंद्र १९९० च्या सुमाराला सुरू झाले. बांधकामाच्या जागेवर सापडलेली कासवे तिथे येऊ लागली आणि त्यांच्या मागोमाग लोकांना नकोशी झालेली पाळीव कासवेही. आणून दिलेल्या अशा कासवांची संख्या वर्षाला हजाराच्या घरात गेली. म्हणजे रानातल्या कासवांसाठी जमा झालेला पैसा अंगणातल्या कासवांना पोसण्यात जाऊ लागला.

पैसा येत होता तोवर हे चालले. २००८ मध्ये घरांचा बाजार कोसळला, बांधकामे थांबली आणि शुल्कही आटले. केंद्राचा वर्षाचा खर्च मात्र सुमारे १० लाख डॉलर होता. २०१३ च्या ऑगस्टमध्ये बातमी फुटली, की केंद्र बंद होणार आहे आणि तिथल्या सुमारे १,४०० कासवांपैकी शेकडोंना मरण देण्यात येणार आहे. देशभर संताप उसळला. फक्त असाध्य आजारी कासवांनाच मारले जाईल, असा खुलासा अधिकाऱ्यांनी केला, पण संरक्षित प्राण्याला सरकारी केंद्रात मारण्याची वेळ का आली, हा प्रश्न त्याने मिटला नाही. २०१४ च्या अखेरीस केंद्र बंद झाले.

माणशी एक कासव हा नेवाडाचा नियम ती बातमी फुटण्याआधीच, १ मे २०१३ पासून लागू झाला होता. त्याआधी ज्यांच्याकडे जास्त कासवे होती त्यांची काढून घेतली गेली नाहीत, मात्र नव्याने भर घालण्याला बंदी आली. त्यावर टीका पुष्कळ झाली. कासवाला जोडीदार नको का, असे लोकांनी विचारले. (नको. रानात ते एकटेच राहते, आणि एका अंगणातले दोन नर एकमेकांना उलथे पाडून उन्हात मरायला सोडतात.) वर्षानुवर्षे काळजीपूर्वक पिल्ले वाढवणाऱ्यांना आपल्यालाच गुन्हेगार ठरवल्यासारखे वाटले. त्यांचे दुःख खरे होते. तरीही नियम बरोबर होता असेच मी म्हणेन, आणि तो १९८९ मध्येच यायला हवा होता. ‘संतती’ हा शब्द तेव्हाच गाळला असता तर केंद्रावर तो प्रसंगच आला नसता.

दुसरा गुंता व्याख्येचा आहे. केंद्रीय नियमाप्रमाणे संरक्षित ‘वाळवंटी कासव’ म्हणजे कोलोरॅडो नदीच्या दक्षिण-पूर्वेकडचा ॲरिझोना आणि मेक्सिको वगळून कुठेही सापडलेले कासव, मग ते जन्मले कुठेही असो. अंडी, अवयव आणि संततीही त्यात धरलेली आहे. म्हणजे फिनिक्सच्या अंगणात जन्मलेले कासव तिथे आहे तोवर फक्त राज्याच्या नियमाखाली, पण पूल ओलांडून कॅलिफोर्नियात शिरले की त्याच क्षणी केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली. त्यामागचे कारण व्यावहारिक होते. दोन्हीकडची कासवे दिसायला इतकी सारखी, की तपासणी करणाऱ्याला फरक कळणे अशक्य. २०११ मध्ये संशोधकांनी या दोन्हींना मोहावे आणि सोनोरन अशा वेगवेगळ्या जाती ठरवले आणि नदीची रेघ योगायोगाने बरीचशी खरी ठरली. पूर्णपणे नाही. ॲरिझोनाच्या वायव्येकडच्या ब्लॅक माउंटन्स डोंगररांगेत नदीच्या पूर्वेलाही मोहावेची जात राहते. जातीने ती संरक्षितांची सख्खी, पत्त्याने बाहेरची.

अंगणांसाठी नियम असे घट्ट होत गेले, त्याच काळात जमिनीसाठीचे नियम वाटाघाटीचे राहिले, आणि याची चर्चा फार कमी होते. १९९४ मध्ये ६४ लाख एकर क्षेत्र कासवांसाठी महत्त्वाचा अधिवास म्हणून जाहीर झाले. २००१ मध्ये एकट्या वेगासच्या काउंटीला शुल्क भरून १,४५,००० एकरांपर्यंत जमीन विकसित करण्याची मुभा मिळाली. २००८ मध्ये फोर्ट आयर्विनच्या लष्करी सरावक्षेत्राच्या विस्तारासाठी सुमारे ६०० कासवे हलवली गेली, त्यांतली बरीच कोयोटींनी खाल्ल्यावर स्थलांतर थांबवावे लागले. २०११ मध्ये आयव्हनपाह खोऱ्यातल्या सौरप्रकल्पावर अंदाजापेक्षा कितीतरी जास्त कासवे निघाली आणि काम काही काळ अडले. घरात दुसरे कासव ठेवणाऱ्याला अशी कोणतीही तडजोड उपलब्ध नाही.

बंदिस्त जागेत पिल्ले वाढवण्याचा एक मार्ग कायद्याने खुला ठेवला आहे, तो संशोधनाचा. लष्करी तळांवर आणि मोहावेच्या राखीव क्षेत्रात जाळीबंद कुंपणे आहेत. रानातली गाभण मादी तिथे आणून अंडी घालून घेतात, तिला परत सोडतात, आणि कवच टणक होईपर्यंत पिल्ले सांभाळून मग तिच्याच परिसरात सोडतात. प्रत्येकाची आई माहीत, आजाराची तपासणी झालेली, आणि बरोबर ट्रान्समीटर.

२००४ ते २०१४ या दहा वर्षांत कासवांची संख्या सावरण्यासाठी मोहावेत आखलेल्या पाच विभागांपैकी चारांत प्रौढ कासवांची घनता घटली. २०२१ मध्ये जागतिक लाल यादीने या जातीला अतिसंकटग्रस्त गटात टाकले. कॅलिफोर्नियाच्या संबंधित आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये १९८९ पासूनचा ‘धोक्यात’ हा दर्जा वाढवून ‘संकटग्रस्त’ करण्याच्या बाजूने मत दिले. नदीपलीकडच्या सोनोरन कासवाला केंद्रीय यादीत घेण्याची गरज नाही, असा निर्णय २०१५ मध्ये झाला होता. त्याविरुद्धच्या दाव्यात तडजोड झाल्यावर फेरविचार झाला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्तर तेच आले. ते वेगळे आले असते तर फिनिक्स आणि टूसॉनमधल्या अंगणांतली कासवेही केंद्र सरकारच्या कायद्याखाली गेली असती, आणि १९८९ सारखीच नवी तारीख, नवी सवलत ठरवावी लागली असती. तूर्त तिथे राज्याचाच नियम चालतो: माणशी एक, आणि पिल्लांसाठी २४ महिने.